केमो, छर्रा आणि मिरज जंक्शन

आजारी बाईला भेटायला येणारे लोक काय काय घेऊन येतात यावर खरं तर एक वेगळी पोस्ट होईल. शहाळी, डाळिंबं, गव्हांकुराचा रस, कुणाकुणाचा अंगारा, आणि एका लांबच्या वहिनींनी तर रंगवायची वही आणि खडूंची पेटी आणली, म्हणे मन रमतं. आणि मग निघताना पायरीवर चपला घालता घालता नवऱ्याला हळूच विचारायचं, "त्यांचं ते आगगाडीचं आता बंदच असेल ना?" मी आतल्या खोलीत पडलेली असते, कान शाबूत आहेत माझे. सगळं ऐकू येतं.

तर बंद नाहीये. वेगळ्या पद्धतीनं चालू आहे आणि ते कसं हे चारचौघांना परत परत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी सांगलीत गावभागात राहते, माहेर मिरज, वडील मिरज यार्डात सांधेवाले होते, नंतर केबिनमध्ये. आमच्या माडीवर मॉडेल रेल्वेचा, म्हणजे छोट्या आगगाड्यांचा, रूळ-स्टेशनांसकट मांडलेला लेआउट आहे, एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचा. माडीवर का, तर २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि आधीचा सगळा लेआउट प्लायवुडसकट फुगून गेला, गावभागातल्या लोकांना यापुढे काही सांगायला नको. नवीन बांधला तो वरच. एका टोकाला मिरज, मध्ये कृष्णेवरचा अंकलीचा पूल, पुढे जयसिंगपूर, आणि कपाटामागे लपवलेल्या चार लायनी, त्याला आम्ही कोल्हापूर म्हणतो. काळ साधारण १९७५ चा. १९७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाली, पण बेळगाव-लोंढ्याकडची लाइन मीटरगेजच राहिली आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेज, त्यामुळे मिरजेत तेव्हा तिन्ही गेज एकाच स्टेशनात होते. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांत तीन मापाचे रूळ असतात.

ब्रेस्ट कॅन्सर निघाला गेल्या दिवाळीनंतर, उजव्या बाजूला. आधी ऑपरेशन, काखेतल्या गाठीपण काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, आता गोळ्या. स्टेज वगैरे लिहीत नाही, ज्यांना माहीत असायला पाहिजे त्यांना माहीत आहे.

मला पहिला धक्का केसांचा नाही बसला, हाताचा बसला. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही, हात सुजू शकतो, आणि त्या हाताला कापलं, भाजलं, इन्फेक्शन झालं तर सूज यायची भीती जास्त. म्हणून त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, जड उचलायचं नाही, आणि शक्यतो कापून घ्यायचं नाही, भाजून घ्यायचं नाही. आता उजव्या हाताच्या माणसाला मॉडेल रेल्वेत कापायचं भाजायचं नाही म्हटल्यावर उरलं काय? ब्लेड, सोल्डरिंग, रूळ कापायची आरी, सगळा उजवा हात. मी मॅडमना (आमच्या ऑन्कॉलॉजिस्ट) मोबाईलवर फोटो दाखवून विचारलं तर त्या फोटो मोठा करून बघतच बसल्या, म्हणाल्या हा मिरजेचा फूटब्रिज आहे का? मग म्हणाल्या सोल्डरिंग केमो संपेपर्यंत नाही, बाकी हातमोजे घालून काय ते करा आणि ताप १००.४ च्या वर गेला तर काम टाकून तडक या.

सोल्डरिंग बंद झाल्याचं वाईट वाटलं पण त्यावाचून अडत नाही हे आता कळलं. रुळांना फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर, पकडणारे तयार जोड मिळतात, तारा इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या स्क्रूच्या कनेक्टरनं जोडायच्या, त्या पांढऱ्या पट्ट्या असतात ना, बारा बाराच्या. दिसायला घाण दिसतं, बोर्डाखाली कोण बघतंय.

केमोचा पहिला भाग तो लाल औषधाचा, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, लघवीपण लाल होते. त्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते वासानं. फोडणीचा वास, धूपाचा वास, नवऱ्याच्या शेव्हिंग क्रीमचा वास. आणि रूळ पुसायचं आयपीए (एक प्रकारचं अल्कोहोल), फेविक्विक, इनॅमल पेंट, ज्या वासांवर मी इतकी वर्षं जगले ते सगळे वास नुसते आठवले तरी पोटात ढवळायचं. मग पाण्यातले ॲक्रिलिक रंग वापरायला लागले, त्यांना तसा वास नाही, आणि रूळ पुसायला पाण्यात किंचित ओलं केलेलं सुती फडकं आणि वर लगेच कोरडं. आयपीएइतकं स्वच्छ होत नाही पण इंजिन अडखळत का होईना जातं.

अजून एक, खडीचं काम. खडी म्हणजे बारीक चाळलेला दगडाचा चुरा, तो रुळांत पसरायचा आणि पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे तो आत झिरपतो. चहाचा चोथा वाळवून मी माती म्हणून वापरते, काळ्या रानाचा रंग अगदी बरोबर येतो. पण केमोनंतर साधारण आठवड्यानं काउंट तळाला जातात, पांढऱ्या पेशी कमी, अशा वेळी धूळ आणि बुरशी दोन्ही नको, आणि ओलसर चहाच्या चोथ्याइतकी बुरशी कशावरच येत नाही. ती डबीच नवऱ्यानं उचलून परसात ओतली. त्याला वाटलं मी भांडेन. भांडायलाही अंगात दम लागतो.

दम म्हणजे खरोखरचा दम. हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा माडीचा जिना म्हणजे अजिंक्यतारा झाला होता. चार पायऱ्या चढायच्या, बसायचं. वर पोचल्यावर काही करायची ताकद उरायची नाही, मग नुसतं बघून खाली. हे फार दिवस चाललं असतं तर खरंच बंद पडलं असतं, वहिनींचं म्हणणं खरं झालं असतं. पण मुलीचा इंजिनिअरिंगचा जुना ड्रॉइंग बोर्ड खाली कॉटमागे उभा होता.

आता इथे थोडं गणित, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं तर येतात १९.२६, पण बाजारात एचओचा जो ट्रॅक मिळतो तो १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेला. म्हणजे भारतात जो कुणी एचओमध्ये ब्रॉडगेज करतो त्याची गाडी रुंदीला बरोबर आणि रूळ मात्र अरुंद, समोरून बघितलं की जाडजूड माणसानं पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं. आम्ही सगळे तिकडे कानाडोळा करतो. पण नॅरोगेज? ७६२ भागिले ८७, येतात ८.७६. आणि एन स्केलचा, म्हणजे एचओपेक्षा लहान मापाचा, जो ट्रॅक सगळीकडे मिळतो तो ९ मिलिमीटरचा! म्हणजे पंढरपूर-कुर्डुवाडीकडची ती नॅरोगेज, आपली बार्शी लाइट रेल्वे, जिचं हसं व्हायचं, जिच्या बाजूनं सायकलवाला पुढे जायचा म्हणायचे, ती एचओमध्ये ब्रॉडगेजपेक्षा जास्त खरी होते. आणि वळणं लहान घेता येतात, म्हणून ड्रॉइंग बोर्डावर मावते.

बार्शी लाइटवर माझा आधीपासून जीव आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढली, १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, आणि १९२७ ला मिरजेपर्यंत आली. त्याचं डोकं असं की हलके रूळ टाकायचे आणि कुठल्याही चाकाच्या जोडीवर, म्हणजे एका ॲक्सलवर, पाच टनापेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, इंजिन असो की डबा. म्हणून त्याचं पहिलं इंजिन लांबलचक, आठ चाकं चालवायची आणि मागे चार आधाराची, वजन वाटून घ्यायला. वारीला तर या गाडीला माणसं लटकलेली असायची. आणि गंमत बघा, २०१६ ला लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेतून जी पाण्याची गाडी गेली, जलदूत, पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर, नंतर पन्नास पन्नास वॅगनची रेक, ती जवळजवळ याच वाटेनं गेली, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ ब्रॉडगेज झालेले, एवढाच फरक.

तर लाल औषधाच्या त्या महिन्यांत मी कॉटवर उशा लावून, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बार्शी लाइटचं एक छोटं स्टेशन केलं. एका वेळी एकच काम, दहा मिनिटांचं. एक झाड. एक पाण्याची टाकी. प्लॅटफॉर्मची एक कड. सासूबाई समोर जप करत बसायच्या, मध्येच माळ थांबवून म्हणायच्या, "अगं पडून राहा की जरा, आगगाडी कुठं पळून चाललीय." पण चिमण्या बाकावर वारकरी बसवताना चष्मा लावून त्याच सांगायच्या, बुक्का लाव त्याला, नुसता पांढरा काय ठेवतीस.

(तोंड आलं होतं, भडंग बंद, तिखट बंद, सगळ्याला लोखंडाची चव. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, वाईट होतं, गेलं.)

दुसरं औषध पॅक्लीटॅक्सेल, दर आठवड्याला. यात मळमळ कमी, जिना परत जमायला लागला, मला वाटलं सुटले. पण त्यानं बोटं धरली. आधी टोकांना मुंग्या, मग बधीर. सलाईन चालू असताना बर्फाचे हातमोजे घालून बसले, त्यानं काही जणींना फायदा होतो, मला किती झाला काय माहीत. शर्टाचं बटण लागेना. आणि नऊ मिलिमीटरच्या रुळावर डबा ठेवायचा म्हणजे चार बारीक चाकजोड्या एकदम रुळात बसायला पाहिजेत, ते बसलं की बोटाला 'कट्' असं जाणवतं, ते जाणवणंच बंद झालं. डोळ्यांना दिसतंय बसलाय, आणि गाडी सोडली की तिसरा डबा आडवा. त्या दिवशी मी रडले. ऑपरेशनला रडले नव्हते.

यावर उपाय म्हणजे माझा भाचा, सातवीत आहे, शनिवारी शाळा सकाळची. डबे रुळावर ठेवणं त्याच्याकडे. प्लॅस्टिकची एक घसरगुंडी मिळते, रुळावर ठेवून तिच्यावरून डबा ढकलला की चाकं आपोआप बसतात, ती पण मागवली, पण भाच्याला ती वापरणं कमीपणाचं वाटतं. "आत्या, तू फक्त सांग, मी करतो." आणि मी सांगते. आयुष्यभर मी बांधणारी होते, गाडी चालवायचा मला फारसा नाद नव्हता, लेआउट कधी पुरा झालाच नाही तर चालवायचा कधी? आता हातानं बांधता येईना तेव्हा पहिल्यांदा टाइमटेबल काढून गाड्या चालवायला लागले. कोल्हापूरची पॅसेंजर जयसिंगपूरला लूपला, म्हणजे बाजूच्या लायनीवर, घ्यायची, मालगाडी न थांबवता थ्रू काढायची, मग मिरजेत इंजिन फिरवायचं, असं सगळं.

इथे नवीन अडचण, डोकं. केमो ब्रेन म्हणतात त्याला. फ्रिज उघडून उभं राहायचं, कशाला उघडला आठवत नाही. तसंच सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या लायनीवर, गाडी आहे की नाही हे विसरायचं. पुलावर मालगाडी उभी, आणि मी इकडून पॅसेंजर सोडायच्या बेतात, भाचा ओरडतोय.

आणि मग वडिलांची आठवण झाली. सिंगल लाइनवर गाडी सोडायची तर ड्रायव्हरच्या हातात टोकन पाहिजे, लोखंडी गोळा असायचा, वडील गोळाच म्हणायचे. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेनं एकमेकांना अशी बांधलेली की त्या सेक्शनचा एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार, तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघणारच नाही, तुम्ही कितीही डोकं आपटा. माझ्या लहानपणी मला हे फार बावळटपणाचं वाटायचं, स्टेशन मास्तरला एवढं लक्षात राहत नाही का? वडील म्हणायचे रात्रपाळीला पहाटे तीन वाजता कुणाला काय लक्षात राहतं. रेल्वेचे सगळे नियम असल्याच माणसासाठी केलेत, झोप न झालेला, अंगात कणकण असलेला, घरी काहीतरी बिनसलेला. हुशार माणूस गृहीतच धरलेला नाही. मला तर हे एकदम माझ्यासाठीच केल्यासारखं वाटलं.

मग नवऱ्याला गॅरेजमध्ये पाठवून बेअरिंगचा एक मोठा छर्रा आणला, अर्ध्या इंचाचा, बधीर बोटांनाही सापडेल असा. मिरज आणि जयसिंगपूर दोन्हीकडे एक एक लाकडी वाटी, वाटीच्या तळाला पितळेच्या दोन पट्ट्या, एकमेकींना न लागणाऱ्या. छर्रा वाटीत पडला की दोन्ही पट्ट्यांना टेकतो, सर्किट पुरं, त्या स्टेशनचा सिग्नल हिरवा आणि पुढच्या सेक्शनला त्या बाजूच्या कंट्रोलरचा करंट. छर्रा एकच. ज्याच्या वाटीत छर्रा त्याचीच गाडी. गाडी पलीकडे पोचली की छर्रा उचलायचा आणि पलीकडच्या वाटीत टाकायचा. सगळं स्क्रूच्या कनेक्टरवर, सोल्डर कुठे नाही. केमोबरोबर जे स्टिरॉइड देतात त्यानं त्या रात्री झोप येतच नाही, तर जागून करायला हे काम बरं होतं, एका हाताला टॉर्च आणि नवरा शेजारी घोरत.

जयसिंगपूरच्या स्टेशन मास्तर सासूबाई. हे मी ठरवलं नाही. त्या शनिवारी निवडायची मेथी घेऊन वर येऊन बसायला लागल्या, खुर्ची त्या बाजूला होती, छर्रा त्यांच्या हाताशी आला, आणि मग त्या सोडेनात. भाचा इकडून, "आज्जी, टाका की छर्रा, कोयना लेट होतीय." तिकडून, "आधी मालगाडी पुरी आत येऊ दे, शेपूट बाहेर आहे अजून." आणि बघितलं तर खरंच शेवटचा डबा सांध्यावर. माझ्या वडिलांनी शाबासकी दिली असती. शेवटच्या डब्याची पाटी बघितल्याशिवाय गाडी आली असं म्हणायचंच नाही हा रेल्वेचा नियम, तो बाईनं मेथी निवडता निवडता स्वतःहून शोधून काढला.

औषधांच्या गोळ्यांचं पण मग तसंच केलं. लक्षात ठेवायचं बंद. सकाळच्या गोळ्या घेतल्या की रिकामं पाकीट सासूबाईंच्या पानाच्या डब्यावर, ते तिथे नसेल तर चहा मिळत नाही.

रेडिएशनचे आठवडे कंटाळवाणे, काखेजवळची कातडी काळी पडली, बाकी मोठं काही नाही. त्यात फिजिओचा व्यायाम, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दररोज थोडं अजून वर. भिंतीला पेन्सिलच्या खुणा करायच्या म्हणून सांगितलेलं. मी माझ्या खुणा लेआउटवर केल्या. कडेला उभं राहून उजवा हात पुढे टाकायचा, आधी मिरजेचा गुड्स शेडसुद्धा लांब, मग मीटरगेजचा प्लॅटफॉर्म, मग अंकलीचा अलीकडचा खांब. पूल ओलांडून पलीकडच्या बाभळीला हात लागला त्या दिवशी फिजिओच्या पोरीला व्हिडिओ पाठवला, तिनं अंगठा पाठवला, तिला बहुतेक काही कळलं नसणार.

लोक विचारतात, रेल्वेमुळे बळ मिळालं का. मला असलं काही बोलता येत नाही. केमोनं बरं वाटायचं तेव्हा केमोनं वाटायचं आणि नाही वाटायचं तेव्हा रेल्वे बघून पण नाही वाटायचं, अख्खे आठवडे मी बोर्डावर चादर टाकून ठेवली होती. फक्त एवढं आहे की यात शंभर प्रकारची कामं असतात आणि त्यातलं एखादं तरी त्या दिवशीच्या हाताला जमतं. काहीच जमत नसेल तर जुनं टाइमटेबल वाचायचं. त्याला ना बोटं लागतात ना दम.

आणि खर्च, तोही सांगते कारण त्यावरून नातेवाइकांत कुजबुज आहे. या वर्षी मी एकही इंजिन घेतलेलं नाही. बाहेरून मागवलेलं एक डिझेल म्हणजे किंमत वर कस्टम, तेवढ्यात बरीच तपासणी होते. आमची डब्ल्यूडीएम-२ जुनीच आहे, अमेरिकन आल्कोच्या मॉडेलची चासी आणि वर पुण्याहून थ्रीडी प्रिंट करून आणलेली बॉडी, खऱ्या डब्ल्यूडीएम-२ चं डिझाइनपण आल्कोचंच, त्यामुळे शोभतं. ज्यांना बघायला आवडतं पण करायचं नाही त्यांनी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघा, मुलं असतील तर नक्कीच.

आता रोजची एक हॉर्मोनची गोळी, पाच वर्षं तरी. सांधे दुखतात, सकाळी जास्त. बोटांच्या मुंग्या थोड्या उतरल्यात, अंगठा आणि तर्जनी बरी आहे, बाकीची अजून झोपलेली. मॅडमनी सोल्डरिंगला हो म्हटलंय पण पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजा घालून, आणि जाड हातमोजा घालून सोल्डरिंग करून बघा एकदा, मग बोलू.

सध्या भांडण वेगळंच चालू आहे. खरी लाइन इलेक्ट्रिक झाली, मिरज यार्डात खांब आणि तारा आल्या, तर भाच्याला आपल्याकडे पण खांब पाहिजेत आणि डब्ल्यूएपी-७ हे इलेक्ट्रिक इंजिन पाहिजे. मी म्हटलं आपलं मिरज १९७५ चं आहे, त्यात खांब लावले तर नॅरोगेज काढायला लागेल, आणि नॅरोगेज मी काढणार नाही. तो म्हणतो मग कोल्हापूर २०२५ चं करू, कपाटामागे कुणाला दिसतंय. सासूबाई त्याच्या बाजूनं आहेत आणि छर्रा त्यांच्याकडे आहे.